मदत हवी आहे : काकडी, तवसे, वाळूक या नावांची व्युत्पत्ती आणि प्रदेशानुसार त्यांचे अर्थ

नमस्कार,

कोशिंबिरीतल्या काकडीच्या नावाचा माग काढताना काही प्रश्न उभे राहिले आहेत, आणि ते शेती करणाऱ्या व प्राकृताचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांच्या मदतीशिवाय सुटतील असे मला वाटत नाही.

‘काकडी’ हा शब्द संस्कृत ‘कर्कटी’वरून प्राकृतातल्या ‘कक्कडी’मार्गे आला, हे ध्वनिनियमांना धरूनच आहे, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’ झाले, तसाच हा बदल आहे. अडचण अर्थाची आहे. हिंदीत ‘ककडी’ म्हणजे लांब, बारीक, फिकट हिरवे फळ, जे वनस्पतिशास्त्रानुसार खरबुजाच्या जातीचे (कुकुमिस मेलो) आहे. आपण जिला काकडी म्हणतो ती कुकुमिस सॅटिव्हस, म्हणजे हिंदीतला ‘खीरा’. या दोन जाती इतक्या वेगळ्या आहेत की एकीत गुणसूत्रांच्या 12 जोड्या असतात, तर दुसरीत 7. मग एकाच शब्दाने मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी फळे कशी धरली, आणि मूळची ‘कर्कटी’ यांपैकी कोणती? शिवाय ‘कर्कट’ म्हणजे खेकडा. त्याच्याशी या फळाचे काही नाते आहे, की केवळ उच्चारसाम्य, यावर कोणी साधार लिहिले तर फार बरे होईल.

दुसरा प्रश्न काकडीच्याच ‘तवसे’ या दुसऱ्या नावाचा. तो संस्कृत ‘त्रपुस’पासून, मधला ‘प’ गळून आला आहे. कोकणात आणि गोव्यात तो आजही जिवंत आहे. तवसोळी हा गोड पदार्थ तवशाचाच करतात, आणि गोव्यातल्या तळावली येथे सेंट ॲनच्या फेस्ताला (ख्रिस्ती सणाला) भाविक तवशी अर्पण करतात म्हणून त्या फेस्तालाच तवशांचे फेस्त म्हणतात. इतका जुना शब्द घाटावर मागे पडून ‘काकडी’ सर्वत्र का रुळली असावी?

महामृत्युंजय मंत्रात (ऋग्वेद 7.59.12) देठापासून सुटणाऱ्या ‘उर्वारुका’सारखे मृत्यूपासून सुटावे अशी प्रार्थना आहे; त्या ‘उर्वारुका’चा अर्थही बहुधा काकडी असा सांगतात. परंतु पिकल्यावर देठापासून आपसूक सुटणे हा गुण खरबूज-चिबडाच्या वर्गातल्या अनेक फळांचा आहे, काकडीचा नव्हे. त्यामुळे मला तो अर्थ पटत नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या सदस्यांना विशेष विनंती आहे की आपल्याकडे ‘वाळूक’ नेमके कोणत्या फळाला म्हणतात, ते कच्चे खातात की पिकल्यावर, आणि ‘तवसे’ हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कधी ऐकला आहे का, हे गावाच्या किंवा तालुक्याच्या उल्लेखासह कळवावे. शक्य असल्यास फळाचे आणि पानाचे छायाचित्रही द्यावे, म्हणजे जात ओळखता येईल.