तरतुदीपुढचा प्रश्न

अर्थसंकल्पातील तरतूद वाढली की पर्यावरणाचे काम आपोआप मार्गी लागते, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मला अपुरा वाटतो. २०१० साली स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी म्हणून कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला गेला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेण्यात आला. परंतु जमा रकमेचा मोठा भाग त्या निधीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तर हा पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. याउलट घरोघरी स्वस्त एलईडी दिवे पोहोचवणाऱ्या २०१५ च्या उजाला योजनेत केंद्राचे थेट अनुदान नव्हते. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे २०१४ च्या सुरुवातीला सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. आमच्या देवघरात पूर्वी ६० वॉटचा पिवळा बल्ब असे. या योजनेतून वीजबिल दाखवून घेतलेला ९ वॉटचा एलईडी दिवा तिथे अजूनही चालतो आहे. त्यामुळे घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेचे ७५,०२१ कोटी रुपये वाचून हुरळून जाण्यापेक्षा, ठरलेल्या एक कोटी घरांपैकी किती छतांवर पॅनेल चढली आणि घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर किती दिवसांत लागला, हे मी आधी विचारीन.