शेअर दिसतो, पण उघडत नाही

उबुंटू लिनक्सच्या मशीनला लावलेल्या यूएसबी ड्राइव्हचा शेअर (नेटवर्कवर वाटलेलं फोल्डर) विंडोजवरून दिसतो, पण उघडायला गेलं की परवानगी नाकारली जाते, असं तुम्ही म्हटलंय. सांबाची, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग फाईल पुन्हापुन्हा तपासू नका, चूक बहुधा तिथे नाहीच. उबुंटू डेस्कटॉप यूएसबी ड्राइव्ह आपोआप जोडतो तो 'मीडिया'मधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात, आणि तिथे दुसऱ्या युजरला शिरकाव नसतो. मी यात अख्खा रविवार घालवलाय.

त्यापेक्षा एफएसटॅबमध्ये (कुठला ड्राइव्ह कुठे जोडायचा ते सांगणारी सिस्टिमची फाईल) नोंद करून ड्राइव्ह वेगळ्या जागी कायमचा माउंट करा, म्हणजे जोडा. नोंद यूयूआयडीनेच, म्हणजे ड्राइव्हच्या कायमच्या ओळखक्रमांकानेच करा; लिनक्सने ड्राइव्हला दिलेल्या 'एसडीबी' नावाचं 'एसडीसी' कधी होईल सांगता येत नाही. नोंदीत 'नोफेल' (ड्राइव्ह नसला तरी पुढे जा) हा पर्याय विसरलात तर ड्राइव्ह न लावता मशीन सुरू केल्यावर ते दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल. आणि हो, सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो आधी सांबात ठरवून द्यावा लागतो.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर दोन ड्राइव्ह लावणार असाल तर स्वतःचा वीज अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. पायचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. माझा ड्राइव्ह मोठी फाईल कॉपी करताना टक् टक् करून गायब व्हायचा, आणि मी बिचाऱ्या केबली बदलत होतो.