परंपरावादी पक्षाची प्रतिमा कशी सुधारावी? मदत हवी आहे

आमच्या परंपरावादी पक्षासाठी सुधारणांचं टिपण लिहितेय, आणि एका जागी अडकलेय. नवं बोधचिन्ह, तरुण प्रवक्ते, रोजचे व्हिडिओ हे सगळं करून झालं. तरी परवा प्रचारात एका मुलीने पत्रक दारातच परत दिलं. म्हणाली, "तुमचा विरोध कशाला ते कळलं, तुम्हाला हवंय काय?" मला उत्तर सुचलं नाही.

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा अभ्यास केला. 1997 मध्ये ते 165 जागांवर आले. 2005 अखेर कॅमेरून नेते झाले, 2006 मध्ये पक्षाच्या बोधचिन्हातली मशाल जाऊन ओकचं झाड आलं. पण मला चिन्हापेक्षा उमेदवारी महत्त्वाची वाटते: त्यांच्या महिला खासदार 2005 मध्ये 17 होत्या, 2010 मध्ये 49. अर्थात 2024 मध्ये पक्ष 121 वर घसरला, म्हणजे तेवढ्याने कायमचं भागत नाही.

कुटुंब, परंपरा, मर्यादित सरकार या भूमिका सोडायच्या नाहीत, त्यामुळे 'विचारसरणी बदला' हा सल्ला नको. जाहिरात संस्थेला द्यायला पैसेही नाहीत. जुने कार्यकर्ते दुखावले तर बूथवर माणूस उरणार नाही.

पक्षसंघटनेत काम केलेल्यांनी सांगा: आधी उमेदवार निवडीची पद्धत बदलावी, की वाचाळ नेत्यांवर कारवाई करावी? आणि जुन्यांना सोबत कसं ठेवलंत?