अगरवूड नागपूरच्या उन्हात जगते का? एजंट मागं लागलाय

काटोलवाला:
नमस्कार मंडळी. काटोलकडं पाच एकर वावर आहे, संत्रा आहे पण दोन वर्षांपासून फळगळीनं बेजार करून सोडलं. परवा एक एजंट आला, धुऱ्यावर अगरवूड लावा म्हणून राहिला, सात वर्षांत करोडपती, रोप ३५० ला एक. वरून म्हणे हे झाड जगातून संपून राहिलं म्हणून भाव वाढणारच. बाबा अर्धे तयार झालेत. कोणी लावलं आहे का इकडं?

रानभुल्या:
संपून राहिलं हे तो खरं बोलला भाऊ. अगरवूडचं झाड म्हणजे अक्विलारिया मलाक्केन्सिस, आसाम-त्रिपुऱ्यापासून मलेशिया-इंडोनेशियापर्यंतच्या पावसाळी जंगलातलं झाड, संकटातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत २०१८ पासून अतिसंकटग्रस्त. पण काऊन संपलं ते नाही सांगितलं ना त्यानं? निरोगी झाडाचं लाकूड पांढुरकं, हलकं, वास ना पास. अळीनं पोखरलं, आत बुरशी शिरली की झाड जीव वाचवायला काळपट राळ सोडते, ती मुरलेलं सुगंधी लाकूड म्हणजे अगर, अरब लोकांचं ऊद. झाड आजारी पडलं तरच पैसा, आणि आत माल आहे का ते बाहेरून धड कळत नाही, म्हणून लोकांनी जंगलात चांगली झाडंही सरसकट आडवी केली. तुमच्या धुऱ्यावर नुसतं उभं राहिलं तर सरपणच समजा.

जोरहाट रिटर्न:
मी तिकडं आसामात जोरहाटला तीन वर्षं नोकरीला होतो. साची म्हणतात तिथं, घरामागं सुपारीच्या जोडीला लावतात. जंगलातली गेली, परसातली राहिली असं म्हणा. जुन्या पोथ्या याच्याच सालीवर लिहायचे, साचीपात, एका सत्रात, म्हणजे तिकडच्या वैष्णव मठात, पाहिली होती, अक्षर काय सुंदर! असो. तिकडं मार्चपासून पाऊस चालू होतो, हवा इतकी दमट की चादर वाळत नाही. आपल्या इथं नवतपात कूलरसमोर माणूस तग धरत नाही, त्या रोपट्याचं काय घेऊन बसलात.

ओलितवाला:
ठिबक अन् सावली दिली तर जगेलही एखादं, पण नंतर खोडाला भोकं पाडून बुरशीचं औषध टाकावं लागते, त्याचा खर्च वेगळा, राळ धरेल याची गॅरंटी नाही. बाहेर देशात विकायचं तर १९९५ पासून साइट्सचं, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, परमिट लागते. एजंट माल परत विकत घेतो म्हणत असेल तर स्टॅम्पवर लिहून माग, बघ कसा पळते तो.

काटोलवाला:
मागितलं राजेहो. फोनच उचलून नाही राहिला आता. पण बाबांनी ४० रोपांचा ॲडव्हान्स देऊन टाकला होता, मले आज सांगून राहिले.