पाच राउंडच्या ग्रुपवर बॅरल मोडीत काढायची का?

बोरिवलीकर बाबा

माझी मुलगी वरळीच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) शूट करते. गेल्या महिन्यात आम्हाला सांगण्यात आलं की तिच्या रायफलची बॅरल (नळी) गेली आहे, नवीन घ्या. पुरावा काय, तर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारलेला पाच राउंडचा (गोळ्यांचा) एक ग्रुप, टोकाच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर २२ मिलिमीटर. बाहेरून मागवलेली मॅच बॅरल मध्यमवर्गीय घराला केवढ्याला पडते, हे इथल्या पालकांना मी सांगायला नको.

माझं मत असं, की चाचणी व्हाइसवर, म्हणजे रायफल आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीवर झाल्याशिवाय कोणत्याही क्लबने बॅरल बदलायला सांगू नये. अ‍ॅक्शन (रायफलचा गोळी भरायचा-उडवायचा भाग) घट्ट पकडायची, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले किमान ४० राउंड, दहा-दहाचे चार ग्रुप. त्यातून जे निघेल ते मान्य. पाच राउंड म्हणजे काहीच नव्हे. तीच रायफल, तोच लॉट, तोच माणूस, तरी एकदा १० मिलिमीटर येईल आणि लगेच पुढे १८. दोन्ही कागद खरेच असतात, पण त्यातला कोणता दाखवायचा हे दाखवणाऱ्याच्या हातात असतं. घरातला दीड-दोन वर्षांचा पैसा यावर ठरतो, म्हणून मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितोय.

जुना प्रशिक्षक, दादर

बाबा, तुमची तळमळ समजते, पण व्हाइसवर माझा तेवढा विश्वास नाही. मुलीला मॅचमध्ये व्हाइस मिळणार आहे का? थ्री पोझिशनमध्ये आधी नीलिंग (गुडघ्यावर), मग प्रोन, मग स्टँडिंग (उभं). तीनही ठिकाणी रायफल वेगवेगळी धरली जाते. पहिल्या दोन ठिकाणी स्लिंगचा (हाताला बांधलेल्या पट्ट्याचा) ताण असतो, स्टँडिंगला तो नसतो. खांद्यावरचा दाब बदलतो, गालाचा दाब बदलतो. गोळी सुटताना बॅरल थरथरते आणि ही थरथर रायफल कशी पकडली आहे त्यावर अवलंबून असते. लोखंडात आवळलेली बॅरल जो ग्रुप देते तो त्या लोखंडाचा असतो. खांद्यावर तसाच येईल असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने याच प्रकारात कांस्य घेतलं. पात्रता फेरीत ५९० गुण होते, सातवा होता. तिथून वर आला तो तीनही पोझिशनमध्ये रायफल आणि शरीर एकजीव असल्यामुळे. ते कुठल्या व्हाइसवर मोजणार? अनुभवी कोच मुलाच्या मागे उभा राहून पन्नास राउंड बघतो, तेव्हा दोष बॅरलचा की खांद्याचा हे त्याला कळतं.

यंत्रवाला_ठाणे

सर, आदर ठेवून विरोध करतो. खांद्यावर बघून दोष ओळखता येतो हे मान्य केलं, तरी खांद्यावरच्या ग्रुपमध्ये चार गोष्टी मिसळलेल्या असतात: माणूस, गोळी, रायफल आणि वारा. त्यातली एक वजा करायची सोय असेल तर का करू नये?

थोडा हिशोब देतो. गोळ्यांचा फैलाव नेहमीच्या पद्धतीचा धरला, तर पाच राउंडच्या ग्रुपची सरासरी रुंदी त्या फैलावाच्या प्रमाण विचलनाच्या (गोळ्या मध्यापासून किती विखुरतात त्या मापाच्या) ३.०७ पट येते आणि दहा राउंडच्या ग्रुपची ३.८१ पट. म्हणजे पाचला सरासरी १४ मिलिमीटर देणारी बॅरल दहाला सरासरी १७ च्या पुढे जाणारच. बॅरल तीच. त्यामुळे एकाने पाचचा कागद दाखवायचा, दुसऱ्याने दहाचा, आणि तुलना करायची, यात अर्थ नाही. खरं तर टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर मोजणंच कच्चं, कारण मधल्या आठ गोळ्या वाया जातात. प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या, सगळे राउंड कामाला येतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर आकडे तयारच मिळतात.

गोळीचाही प्रश्न आहे. .२२ ची मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने सुटते. वेगात एक टक्का फरक पडला तर ५० मीटरवर गोळी अडीच मिलिमीटर वरखाली होते. तीन टक्के पडला तर सात-आठ मिलिमीटर. ग्रुप उभा लांबट असेल तर बॅरलवर बोट ठेवण्याआधी लॉट बदलून बघा. एलीसारख्या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या डब्यावर लॉटचा वेग छापतात, तो वाचायची सवय मुलांना लावा.

डोंबिवलीची नेमबाज

दहा मीटरवाल्यांना हे सोपं आहे. एअर रायफल हलक्या व्हाइसमध्ये लावून ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटरचे पेलेट (छर्रे) तपासायला एक सकाळ पुरते, वारा नसतो, खर्चही कमी. आमच्या टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. ५० मीटरवाल्यांनी निदान एवढी शिस्त ठेवावी.

जुना प्रशिक्षक, दादर

ठाणेकर, हिशोब बरोबर आहे, पण तो मोजायचा कुठे? ५० मीटरची चाचणी बंद बोगद्यात होते तेव्हा तिला अर्थ असतो. परदेशात गोळी बनवणाऱ्यांकडे तशी सोय आहे. आपण उघड्यावर मारतो. समुद्र जवळ. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळी दीड-दोन सेंटिमीटर सहज ढकलतो. व्हाइस वाऱ्याची दिशा वाचत नाही, चांगला नेमबाज वाचतो. दुपारच्या वाऱ्यात व्हाइसवर बॅरल तपासाल तर चांगलीही वाईट ठरेल.

लॉटचंही तेच. लॉट बदलून बघा म्हणणं सोपं. हाताला जो लॉट लागतो त्यावर वर्ष काढणारी मुलं माझ्याकडे आहेत. ४० राउंड चाचणीत घालवायचे म्हणजे त्यांच्या सरावातून काढायचे.

बोरिवलीकर बाबा

सर, वाऱ्याचा मुद्दा उचलून धरतो, पण तो माझ्या बाजूने जातो. मुलीचा २२ मिलिमीटरचा ग्रुप दुपारी मारलेला आहे. आडवा पसरलेला आहे. तुम्हीच सांगितलेल्या आकड्याने तो एकट्या वाऱ्याने येऊ शकतो! मग बॅरलला दोष कसा लावला?

आणि दहा गुणांचा हिशोब बघा. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, कड लागली तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत असला की दहा. साइट बरोबर मध्यावर सेट असेल तर १६ मिलिमीटरचा ग्रुप देणारी बॅरलसुद्धा सगळे दहा मारू शकते. गुण दशांशात मोजले तर ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर, फायनलला ते महत्त्वाचं, हे मान्य. पण राज्य स्पर्धेच्या पात्रतेत झगडणाऱ्या मुलीला आधी बॅरल बदल म्हणणं मला पटत नाही.

व्हाइसच्याही आधी फुकट बघण्यासारखं बरंच आहे, ते आमच्या बाबतीत कोणी बघितलंच नाही. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने सारखे आवळलेत का, साइट हलते का, बॅरलच्या तोंडाला ओरखडा आहे का. गाइड न लावता पुढून साफ करायचा रॉड घालणारी मुलं मी पाहिली आहेत, क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) खराब व्हायला तेवढं पुरतं. चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) पुढे शिसं साचलंय का. पावसाळ्यात खारी हवा लागून आतून गंज धरलाय का. आणि साफ केल्यावर लगेच मोजायचं नाही, गोळीचं मेण आत बसेपर्यंतचे राउंड सोडून द्यायचे.

यंत्रवाला_ठाणे

मग असं करूया. सकाळी सातला, वारा उठायच्या आत, व्हाइसवर ४०. लगेच त्याच लॉटचे ४० क्लबमधल्या सर्वात स्थिर नेमबाजाकडून प्रोनमध्ये, त्याच रायफलवर. दोन्ही कागद पालकांच्या हातात. गोळ्यांचा खर्च क्लबने करावा, पालकांनी नाही.

जुना प्रशिक्षक, दादर

खर्च क्लबने करावा याला माझा पूर्ण पाठिंबा, समितीत मी स्वतः मांडतो. पण दोन कागद वेगळं बोलले, तर निर्णय मी प्रोनच्या कागदावर देणार.

बोरिवलीकर बाबा

आणि मी व्हाइसच्या. तरी दोन्ही कागद आधी होऊ द्यात, सर. तोवर बॅरलची ऑर्डर मी थांबवली आहे.