योगवर्गात 'अभ्यास' करायचा की 'सराव'?

माळवी_मिरची: इंदूरला आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी योगवर्ग भरतो. सर हिंदीभाषक. त्यांचा सूचनांचा कागद आपल्या आज्यांसाठी मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'प्रतिदिन २० मिनट अभ्यास करें'चं मी सरळ 'रोज २० मिनिटे अभ्यास करा' केलं. शेजारच्या आजींनी वाचून विचारलं, "कसला अभ्यास गं? वही आणायची का?" 'सराव' क्रिकेटचा वाटतो. 'साधना' लिहायला धीर होत नाही, निम्म्या जणी गुडघ्यांसाठी येतात. काय लिहू?

दांडियाबाजार: अभ्यासच ठेवा. 'कारण अभ्यास तुका म्हणे' यातला अभ्यास वहीतला आहे का? शब्द आपलाच, शाळेने बळकावला. इथे बडोद्यात गुजरातीतही तेच झालंय. अभ्यास म्हणजे शिक्षण, सरावाला महावरो.

लष्करवाला: ग्वाल्हेरला आम्ही रियाज म्हणतो. "सराव बँडवाले करतात," असं आमचे गुरुजी म्हणायचे. एकच पलटा, म्हणजे गाण्यातली सुरांची उलटसुलट ओळ, महिनाभर घोटून घेतला होता माझ्याकडून. आज्यांना रियाज चालेल की.

दांडियाबाजार: अरबी शब्द, योगासाठी?

लष्करवाला: रियाजत म्हणजे सूफींची तपश्चर्याच, काका. अजून काय हवं?

पोहेजिलबी: अभि + आस्, म्हणजे जवळ बसणे. म्हणून तर घरोघरी 'अभ्यासाला बस' म्हणतात!

निवृत्त_मास्तर: नाही हो. आस् नव्हे, अस्, म्हणजे फेकणे. पुन्हा पुन्हा टाकत राहणे. व्याकरणात तर 'ददाति'मधल्या पहिल्या 'द'लाच अभ्यास म्हणतात, कारण तो द्वित्वातला, म्हणजे धातूचं अक्षर दोनदा येतं त्यातला. आणि योगसूत्रांत (१.१३) चित्त स्थिर राहावं म्हणून केलेला यत्न म्हणजे अभ्यास. त्या सूत्रात आसनाचं नावही नाही.

पोहेजिलबी: मला बसणंच पटतं.

माळवी_मिरची: मास्तर, यत्नावरून आई आठवली. भांडी घासताना विष्णुसहस्रनाम म्हणायची, एक नाव चुकायचं नाही. कधी पाठ केलंस विचारलं की म्हणे, "पाठ कुठलं, अंगवळणी पडलं."

लष्करवाला: मग तेच लिहा, ताई! 'रोज २० मिनिटे अंगवळणी पाडा.'

निवृत्त_मास्तर: वाक्य लंगडतं. काय पाडायचं ते कुठाय?

सराफा_रात्री१०: अरे भिया, प्रॅक्टिस लिहा आणि मोकळे व्हा. राजवाड्यावर उभं राहून 'सराव' म्हणा, आपली मराठी पोरंही तोंडाकडे बघतील.

दांडियाबाजार: सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' काढवला, आणि आपण प्रॅक्टिस लिहायचं?

सराफा_रात्री१०: त्या कोशातले किती शब्द काल वापरलेत, काका?

दांडियाबाजार: तुमच्यासारख्यांमुळेच योगाचा 'योगा' झाला.

सराफा_रात्री१०: मी योगच लिहितो. वर वाचा.

दांडियाबाजार: वर तुम्ही योग लिहिलेलाच नाही. प्रॅक्टिस लिहिलंय.

माळवी_मिरची: अहो, भांडू नका. कागद उद्या झेरॉक्सला जायचाय. अभ्यास की सराव, एवढंच सांगा.

पोहेजिलबी: मास्तर, अभ्यंगातला अभि तोच का हो?

निवृत्त_मास्तर: तोच. पुढचा धातू मात्र अञ्ज्, माखणे. सविस्तर लिहितो संध्याकाळी.