मदत हवी आहे: बल्गेरियन सिनेमा, सबटायटल्स जुळत नाहीत + कलाकारांची नावं

केतकी_पी: शनिवारी आमच्या फिल्म क्लबात तो शिक्षिकेवरचा बल्गेरियन सिनेमा आहे. इंग्रजी सबटायटल्स अजिबात जुळत नाहीत. कलाकारांची नावंही मराठीत हवीत, पत्रक उद्या छापायला जातंय. लवकर सांगा!

मंदार७: फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा) घोळ. सबटायटल २५ चं आणि व्हिडिओ २३.९७६ चा असला की मिनिटाला अडीच सेकंद फरक पडतो. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज फ्रेम रेट' करा.

रानवारा: आधी सिनेमाचं नाव सांगा! पैशाच्या कोंडीतली शिक्षिका दोन सिनेमांत आहे: 'उरोक' (२०१४) आणि 'उरोत्सिते ना ब्लागा' (२०२३). आणि फरक वाढत जातो की पहिल्यापासूनच आहे?

केतकी_पी: पहिल्यापासून. पडद्यावर म्हातारी बाई, खाली वर्गातल्या चोरीची चौकशी. कलाकारांच्या यादीत इवान बार्नेव, स्तेफान देनोल्यूबोव दिसले म्हणून फाइल याच सिनेमाची समजले.

रानवारा: ते दोघं दोन्हींत आहेत. तुमचा व्हिडिओ 'ब्लागा'चा, सबटायटल 'उरोक'चं. फ्रेमरेट बदलून काही होणार नाही, दुसरी फाइल मागवा.

मंदार७: नवी फाइल आली तरी तपासा. पहिला आणि शेवटचा संवाद सारख्याच अंतराने चुकला तर नुसता डिले द्या, म्हणजे सगळी सबटायटल्स तेवढीच पुढेमागे सरकवा. अंतर वाढलं तर फ्रेमरेटच.

जुना_रसिक: 'ब्लागा' २०२३ च्या गोव्याच्या इफ्फीत (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) होता, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. पत्रकात घ्याच. चेकियातल्या कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवात स्फटिक गोलक हा मुख्य पुरस्कार आणि नायिकेला अभिनेत्रीचा पुरस्कार, त्याच वर्षी.

केतकी_पी: नावं??

रानवारा: दिग्दर्शक स्तेफान कोमांदारेव ('स्टीफन' नको). ब्लागा: एली स्कोर्चेवा. बाकी गेरासिम गेओर्गिएव, रोझालिया अब्गारियान. रोमन स्पेलिंग बघून 'जॉर्जिएव' लिहू नका, बल्गेरियनमध्ये तिथे ग आहे. 'ओव', 'एव' वाल्या आडनावांना बाईसाठी शेवटी 'आ' लागतो (स्कोर्चेवा), तो खाऊ नका.

मंदार७: इव्हान लिहा, मराठीत तेच रुळलंय.

रानवारा: रशियन नावांमुळे रुळलंय. उच्चार 'इवान', जोर 'वा'वर. एकच रूप ठेवा म्हणजे झालं.

सायली_म: प्रेक्षकांना आधीच सांगा, बल्गेरियात मान आडवी हलवली की 'हो', वरखाली म्हणजे 'नाही'. संवाद नसलेल्या जागी लोक उलटा अर्थ घेतात.

केतकी_पी: फाइल मागवलीये. 'गेओर्गिएव'मध्ये 'ए' ऱ्हस्व का?

रानवारा: मराठीत ए ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. आहे तसंच छापा.